अवस्कर-विचार : धंद्याची घाण कोणीं काढावी ?

आमच्या गांवाच्या पूर्वेस जो ओढा आहे त्याच्या कांठीं कापड रंगविण्याचा एक कारखाना गेलीं कांहीं वर्षें चालू आहे. त्याचें सांडपाणी ओढ्यांत येतें. कधीं तें तांबडें असतें, कधीं निळें. ग्रामस्थांनीं तक्रार केली, चौकशी झाली, दंड झाला, दंड भरलाही गेला. ओढा मात्र पूर्वीप्रमाणेंच रंगलेला राहिला. या प्रकरणीं भरलेल्या सभेंत मला चार शब्द बोलण्यास बोलाविलें, तें संस्कृताचा जुना शिक्षक म्हणून. आपल्या पूर्वजांना हें सगळें ठाऊक होतें, असें मीं सांगावें अशी चालकांची अपेक्षा होती. असलीं वाक्यें सभेंत टाळ्या मिळवितात. परंतु ग्रंथ उघडल्यावांचून तीं उच्चारूं नयेत असा माझा परिपाठ आहे. म्हणून पुस्तकें काढलीं. त्यांत जें आढळलें तें सभेंत सांगण्याइतकें सुटसुटीत नव्हतें. तें येथें मांडीत आहें.

प्रश्न दोनच आहेत. दंड भरल्यानें घाण करणारा मोकळा होतो, कीं ती काढण्याचा भारही त्याच्यावर राहतो ? आणि राहत असल्यास ती प्रत्यक्ष कोणाच्या हातानें निघावी ?

प्रथम कौटिल्य. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिलेल्या हस्तलिखितावरून शामशास्त्री यांनीं सन १९०५ च्या सुमारास हा ग्रंथ उजेडांत आणला व १९०९ मध्यें त्याची मूळ संहिता छापली, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. प्रा. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठातर्फें सन १९६० पासून जी चिकित्सित आवृत्ति काढली ती मीं पुढें ठेविली आहे. दुसऱ्या अधिकरणाच्या छत्तिसाव्या अध्यायांत नागरिकाचीं, म्हणजे नगराधिकाऱ्याचीं, कर्तव्यें सांगितलीं आहेत. पाणवठे, रस्ते, तट यांची पाहणी त्यानें नित्य करावयाची. रस्त्यावर केरमाती टाकणारास पणाचा आठवा हिस्सा दंड. चिखल किंवा पाणी तुंबविणारास पाव पण. तेंच राजमार्गावर केल्यास दुप्पट. तीर्थ, पाणवठा, देवालय, राजाची मालमत्ता अशा ठिकाणीं मलोत्सर्ग करणारास एक पणापासून चढता दंड, मूत्राबद्दल त्याच्या निम्मा. औषध, रोग किंवा भय हें कारण असेल तर मुळींच नाहीं. मेलेलें मांजर, कुत्रें, मुंगूस, साप शहराच्या आंत टाकल्यास तीन पण. गाढव, उंट, खेंचर, घोडा यांचें प्रेत टाकल्यास सहा. मनुष्याचें टाकल्यास पन्नास.

हे आंकडे हलके कीं जड ? त्याच ग्रंथाच्या पांचव्या अधिकरणांत सेवकांच्या वेतनांची यादी आहे व तींत अगदीं खालच्या परिचारकास साठ पण सांगितले आहेत. हें वेतन वर्षाचें धरल्यास, आणि बहुतेक विद्वान् तें तसेंच धरतात, रोजचा सहावा हिस्सा पण पडतो. म्हणजे रस्त्यावर टोपलीभर केर टाकणाऱ्या गड्याची पाऊण दिवसाची मजुरी जाणार. पोटाला चिमटा बसेल इतका हा दंड आहे. परंतु सधन व्यापाऱ्यास तो कितपत जाणवला असेल ?

याहून आपल्या विषयास अधिक जवळचा भाग तिसऱ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायांत, घरांसंबंधीं विचारांत, आहे. तेथें ‘अवस्कर’ हा शब्द येतो. अवस्कर म्हणजे उकिरडा, केर टाकण्याची जागा. अवस्कर, सांडपाण्याची मोरी आणि विहीर हीं घरास उचित अशा स्थानींच असावींत, अन्यत्र करूं नयेत. केल्यास पूर्वसाहस दंड. बाळंतिणीसाठीं खणलेला खड्डा दहा दिवसांपर्यंत याला अपवाद. सणसमारंभांत आचमनाच्या पाण्यासाठीं काढलेल्या वाटांनाही हाच न्याय लावला आहे. सांडपाण्याची वाट तीन पावलें किंवा दीड अरत्नि अंतर सोडून, चांगला उतार देऊन काढावी. चुकल्यास चौपन्न पण. कौटिल्याचा पूर्वसाहस अठ्ठेचाळीस ते शहाण्णव पण असतो. म्हणजे शेजाऱ्यास बाधक असा उकिरडा घालणें ही हलक्या गड्याच्या जवळजवळ वर्षाच्या, क्वचित् दीड वर्षाच्या, कमाईची गोष्ट झाली. येथें दंडाला वजन आहे.

यावर कोणी म्हणेल कीं हा घरधन्याविषयींचा नियम, धंद्याविषयींचा नव्हे. हा आक्षेप ठीक दिसतो. परंतु तो कारखाना आणि घर हीं वेगवेगळीं असलेल्या काळचा आहे. कारागिरांनीं आपापल्या कामाच्या जागींच आपल्या व्यवसायबंधूंस उतरवून घ्यावें असें कौटिल्य त्याच नागरिक-प्रकरणांत सांगतो. रंगाऱ्याची रंगाची कढई, कुंभाराची भट्टी, तेल्याचा घाणा हीं सारीं त्याच्या राहत्या जागेंत होतीं. त्यामुळें घराच्या अवस्कराचा नियम तोच धंद्याच्या अवस्कराचा नियम. शिवाय कात्यायनाचें एक वचन यास दुजोरा देतें. मलमूत्राची जागा, पाणी, चक्र, अग्नि आणि खड्डा हीं दुसऱ्याच्या भिंतीपासून दोन अरत्नि सोडून असावींत, असें तो सांगतो. यांतील चक्र हें माझ्या मतें घाण्यासारखें धंद्याचेंच साधन असावें.

टाकाऊ वस्तु टाकून न देण्याचाही एक प्रकार कौटिल्यास ठाऊक आहे. कोष्ठागाराच्या अध्यायांत तो सांगतो कीं निखारे व कोंडा लोहारशाळांकडे व भिंती लिंपणारांकडे पाठवावा, कण्या दासांस, मजुरांस व स्वयंपाक्यांस द्याव्या. एका कामाचा उकिरडा तो दुसऱ्या कामाचा माल, हा हिशेब कोठारावरच्या कारकुनासही शिकविलेला होता.

आतां कौटिल्याच्या या दोन्ही प्रकरणांत एक उणीव मला दिसली, ती नमूद केली पाहिजे. दंड किती हें तो बारकाईनें सांगतो, पण घाण काढण्याची आज्ञा मला तेथें आढळली नाहीं. तो खजिन्याचा मनुष्य आहे. पण जमा झाला कीं त्याची ओळ पुरी होते. आमच्या ओढ्याची स्थिति नेमकी हीच.

स्मृतिकार येथें पुढें जातात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत (श्लोक २८२) राजमार्गावर आपत्तीवांचून अमेध्य टाकणारास दोन कार्षापण दंड सांगून लगेच तें अमेध्य सत्वर शुद्ध करण्याची आज्ञा आहे. पुढच्याच श्लोकांत संकटांत सांपडलेला मनुष्य, वृद्ध, गर्भिणी आणि बालक यांस दंडांतून सोडून केवळ शब्दांनीं समज द्यावी असें म्हटलें आहे. परंतु त्यांनीं केलेली घाणही काढलीच पाहिजे, हें कलम सुटलेलें नाहीं. हा भेद मोठा मार्मिक आहे. दंड हा दोषाशीं बांधलेला, शोधन हें घाणीशीं बांधलेलें. दोष माफ झाला तरी घाण माफ होत नाहीं. विष्णुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत वाट, बाग किंवा पाणी यांच्या जवळ अशुचि करणारास शंभर पण दंड असून ती घाण त्यानें दूर करावी असें स्वतंत्र सूत्र आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना देतों, कारण सभांतून उलट प्रकार चालतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पाण्यांत मल, मूत्र, थुंकी, रक्त, विष टाकूं नये असें सांगितलें आहे (श्लोक ५६), आणि तें वचन प्रदूषणाच्या कायद्याचा मूळ पुरुष म्हणून मिरविलें जातें. परंतु तो अध्याय स्नातकाच्या व्रतांचा आहे. तेथें राजा नाहीं, दंड नाहीं, फिर्यादी नाहीं. तो आचार आहे, व्यवहार नव्हे. आणि ज्याला आचार व व्यवहार यांतील भेद कळत नाहीं त्यानें धर्मशास्त्राचें नांव घेऊं नये हें बरें. तसेंच अकराव्या अध्यायांत ‘महायंत्रप्रवर्तन’ हें उपपातकांत गणलें आहे म्हणून कारखान्यांवर बंदी होती असें एका लेखांत मीं वाचलें. टीकाकार मात्र त्या शब्दानें प्रवाह अडविणारे बांध घेतात. तेव्हां तेंही प्रमाण बाजूला ठेवावें.

सर्वांत स्पष्ट वचन कात्यायनाचें. ही स्मृति समग्र अशी उपलब्ध नाहीं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं अनेक निबंधग्रंथांतून तिचीं वचनें वेंचून सन १९३३ मध्यें ‘कात्यायनस्मृतिसारोद्धार’ प्रसिद्ध केला, म्हणून ती आज वाचावयास मिळते. ज्या निबंधकारांनीं व लेखकांनीं हीं वचनें उतरून ठेविलीं त्यांचेही आपण ऋणी आहों. त्यांत म्हटलें आहे कीं तळीं, बागा व तीर्थें जो अमेध्यानें नासवील त्याचें अमेध्य शोधवून मग त्यास पूर्वसाहस दंड करावा. याज्ञवल्क्याच्या हिशेबानें पूर्वसाहस २७० पण होतो, मनूच्या हिशेबानें २५०. क्रमही पाहावा : आधीं शोधन, मग दंड. कौटिल्याचा दंड आणि मनूचें शोधन या दोहोंची येथें सांगड घातली गेली आहे, आणि पाण्याचा उल्लेखही स्पष्ट आहे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर अशा रीतीनें मिळालें. दंड भरून सुटका नाहीं. मीं एवढ्यावर थांबलों असतों तर सभेंतलें भाषण उत्तम वठलें असतें.

परंतु दुसरा प्रश्न राहिला, आणि तो व्याकरणाचा आहे. मनूचें क्रियापद ‘शोधयेत्’ आहे. शुध् धातूचें हें णिजंत रूप. त्याचा अर्थ ‘स्वच्छ करावें’ असाही होतो आणि ‘स्वच्छ करवावें’ असाही घेतां येतो. हात कोणाचा, हें रूप सांगत नाहीं. कात्यायनाच्या वचनांत तर ‘शोधयित्वा’ आणि ‘दंडयेत्’ यांचा कर्ता एकच, म्हणजे राजा, असल्यामुळें घाण करणारा तेथें केवळ खर्चाचा धनी होऊन राहतो. मग काढणारा कोण ?

याचें उत्तर नारदस्मृतींत आहे, आणि तें वाचतांना मला सुख झालें नाहीं. सेवकांच्या प्रकरणांत नारद कामाचे शुभ आणि अशुभ असे दोन वर्ग करतो. घराचें दार, अशुचि स्थान, रस्ता आणि अवस्कर झाडणें, उष्टें व मलमूत्र उचलून टाकणें हीं अशुभ कामें, तीं दासांचीं. कौटिल्यानें ज्या अवस्करासाठीं घरधन्यास पूर्वसाहस सांगितला तोच अवस्कर येथें दासाच्या माथीं आला. मनूच्या दहाव्या अध्यायांत बेवारशी प्रेतें नेण्याचें काम गांवाबाहेर ठेवलेल्या चांडालावर टाकलें आहे, तें याच जातीचें. शास्त्रानें घाणीची जबाबदारी कर्त्यावर ठेवली आणि घाणीचें काम जन्मावर ठेवलें. दोन्ही वचनें एकाच वेष्टणांत बांधलेलीं आहेत. एक दाखवून दुसरें झांकणें हें संशोधकाचें काम नव्हे.

पुढें आमच्या गांवगाड्यांत यांतलें पहिलें वचन विसरलें गेलें आणि दुसरें टिकलें. मेलेलें ढोर ज्याचें असे त्यानें तें ओढून नेण्याचा प्रश्नच उरला नाहीं; तें महारांनीं ओढावयाचें, आणि त्याबद्दल कातड्याचा किंवा मांसाचा जो अंश मिळेल त्यास ‘हक्क’ म्हणावयाचें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं सन १९१५ च्या ‘गांव-गाडा’ या पुस्तकांत ही सारी व्यवस्था तपशिलानें वर्णिली आहे. कर्तव्याला हक्काचें नांव मिळालें कीं तें झटकून टाकणें किती अवघड होतें हें पाहावयाचें असेल तर मार्च १९२७ मधील महाडची परिषद पाहावी, तेथें डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांस मृत मांस सोडण्यास आणि हीं हलकीं मानलेलीं कामें टाकण्यास सांगितलें, तेव्हां तो अनेक गांवांत बंडाचा प्रकार मानला गेला. कनिष्ठ ग्रामवतनें कायद्यानें नाहींशीं झालीं तीं सन १९५८ च्या मुंबईच्या अधिनियमानें.

इंग्रजी अमदानींतील कायदा दुसऱ्या टोंकास गेला. सन १८६० च्या दंडसंहितेंतील २७७ वें कलम सार्वजनिक झरा किंवा जलाशय यांचें पाणी बुद्ध्या नासविणारास तीन महिनेपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगतें. वाहत्या नदीस तें लागत नाहीं असाही अर्थ जुन्या निवाड्यांत झाला. शोधनाचें नांव त्या कलमांत नाहीं. मनुस्मृतीचें सर विल्यम जोन्स यांनीं केलेलें भाषांतर सन १७९४ पासून छापलेलें होतें. नवव्या अध्यायांतील तो श्लोक वाचावयास मिळत नव्हता असें नाहीं. उपद्रव दूर करविण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांस होता, पण तो फौजदारी प्रक्रियेच्या संहितेंत, १३३ व्या कलमांत, निराळा बसविला; आणि तो किती निजलेला राहिला याची साक्ष रतलामच्या सन १९८० च्या खटल्यांत मिळते. तेथें गटारांचें व मद्यार्काच्या कारखान्याचें घाण पाणी रस्त्यांवर येत होतें, आणि त्या जुन्या कलमास जागें करण्यासाठीं नागरिकांस सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें. भारतीय न्यायसंहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या २७९ व्या कलमांत कैद सहा महिन्यांपर्यंत व दंड पांच हजारांपर्यंत वाढविला आहे. शोधन याही कलमांत नाहीं.

शोधनाची आज्ञा परत आली ती न्यायालयांच्या मार्गानें. कानपूरच्या चर्मालयांविषयीं २२ सप्टेंबर १९८७ रोजीं झालेल्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं जो कारखानदार मजुरांस किमान वेतन देऊं शकत नाहीं त्यास कारखाना चालवितां येत नाहीं, तसेंच ज्याला सांडपाणी शुद्ध करण्याचें प्राथमिक यंत्रही बसविणें झेपत नाहीं त्यासही येणार नाहीं. शोधनाचा खर्च हा धंद्याच्या मूळ खर्चांत धरला गेला. राजस्थानांत उदेपूरजवळ बिच्छडी या गांवीं रासायनिक कारखान्यांच्या विषारी गाळानें विहिरींचें पाणी काळें-तांबडें झालें होतें. त्या खटल्यांत १३ फेब्रुवारी १९९६ रोजीं न्यायालयानें कारखानदारांनाच जमीन व पाणी पूर्ववत् करण्याच्या खर्चास जबाबदार धरलें; तो खर्च पुढें ३७ कोटि ३८ लक्ष ५० हजार ठरला, आणि त्यावरचे आक्षेप फेटाळून सन २०११ मध्यें तो चक्रवाढ व्याजासह देण्याचा हुकूम झाला. निर्णयानंतरही न्यायालयांत पंधरा वर्षें झगडा चालला. मनूनें ‘आशु’, म्हणजे सत्वर, हा शब्द घातला होता.

त्याच वर्षीं, २८ ऑगस्ट १९९६ रोजीं, वेल्लोरच्या चर्मालयांचा निकाल झाला. पालार नदीच्या खोऱ्यांत नऊशेंहून अधिक चर्मालयें; त्यांच्या पाण्यानें सुमारें ३५ हजार हेक्टर शेतजमीन अंशतः वा पूर्णतः निकामी झाल्याचें न्यायालयापुढें आलें. जिल्ह्याचें नांव त्या वेळीं उत्तर अर्काट आंबेडकर जिल्हा असें होतें. न्यायालयानें प्रत्येक चर्मालयास दहा हजार रुपये दंड तर केलाच, शिवाय नुकसानभरपाई व पर्यावरण सुधारण्याचा खर्च वसूल करण्यास स्वतंत्र अधिकारी नेमण्याची आज्ञा दिली. दूषण करणारानेंच भरावें हें तत्त्व देशाच्या कायद्याचाच भाग आहे असेंही म्हटलें. आणि स्वच्छ पाण्याचा हक्क कोठून आला हें दाखविण्यासाठीं न्यायमूर्तींनीं ग्रंथ उघडला तो ब्लॅकस्टनचा. अठराव्या शतकांतला हा इंग्लंडचा विधिज्ञ. त्याच्या ग्रंथाची सन १८७६ ची आवृत्ति. त्यांतील उपद्रवाच्या प्रकरणांत रंगशाळा किंवा चुन्याचा खड्डा बांधून शेजाऱ्याचें पाणी नासविणें हा अपराध सांगितला आहे. आमची न्यायपद्धति इंग्रजी कायद्यावर उभारलेली आहे म्हणून हा हक्क आमचाही, असा त्यांचा युक्तिवाद.

हें वाचून प्रथम मला वाईट वाटलें. काणे यांचा कात्यायन छापून त्रेसष्ट वर्षें झालीं होतीं. तळें नासविणाराकडून आधीं शोधन व मग दंड हें वचन त्या निकालास ब्लॅकस्टनपेक्षां अधिक जुळतें. ब्लॅकस्टनचा शेजारी आपल्या नुकसानीपुरता वादी असतो, कात्यायनाचा राजा तळ्यासाठींच उठतो. पण नंतर मीं नारदाचें पान पुन्हा उलटलें आणि तक्रार जिभेवरच राहिली. ज्या शास्त्रांतून शोधन घ्यावयाचें त्यांतूनच अवस्कर झाडणारा दास बरोबर येतो. ब्लॅकस्टनच्या ग्रंथावर तें ओझें, निदान आमच्या देशांत, नाहीं. निकालाच्या बाहेर काय चाललें होतें हें पाहिलें तर ओझें किती जड आहे तें कळतें. हातानें मैला काढविण्यास बंदी करणारा पहिला मध्यवर्ती कायदा सन १९९३ चा, दुसरा २०१३ चा. आणि गटारांत उतरून मेलेल्यांच्या वारसांस द्यावयाची रक्कम दहा लाखांवरून तीस लाख करण्याची आज्ञा सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२३ मध्यें द्यावी लागली. ‘शोधयेत्’ या णिजंताचा कर्ता अजून गटारांत उतरतो आहे.

धोकादायक टाकाऊ मालाच्या सन २०१६ च्या नियमांत एक गोष्ट मात्र आपल्या वाचकांस आवडेल. कारखान्यांतून असा माल बाहेर पडला कीं त्याबरोबर पाठवणीचें एक पत्र करावयाचें, तें सात प्रतींत, प्रत्येक प्रतीस निराळा रंग : पांढरा, पिवळा, गुलाबी, नारिंगी, हिरवा, निळा, करडा. माल कोणीं धाडला, कोणीं वाहिला, कोणीं घेतला याची नोंद या प्रतींत उतरते, आणि माल नव्वद दिवसांपेक्षां अधिक काळ सांठवून ठेवतां येत नाहीं. पुढें कधींतरी हे रंगीत कागद दप्तरांतून बाहेर येतील तेव्हां आमच्या काळच्या उकिरड्यांचा इतिहास त्यांवरून लिहितां येईल, कारण धंद्यानें आपल्या घाणीची वाट कोठपर्यंत सोबत केली हें त्यांतच दिसेल.

सभेंत मीं अखेर मनूचें व कात्यायनाचें वचन सांगितलें आणि नारदाचेंही सांगितलें. पहिल्या दोन वचनांना टाळ्या झाल्या. तिसऱ्यास झाल्या नाहींत. फक्त नगरपालिकेच्या सफाई खात्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागच्या रांगेंतून उठले आणि त्यांनीं विचारलें, कीं ओढा साफ करण्याचा हुकूम उद्यां झालाच तर गाळांत कारखान्याचा मालक उतरेल काय? मला उत्तर देतां आलें नाहीं.

एक विनंति करून हा लेख पुरा करतों. स्मृतींपासून सन १८६० पर्यंतचा जो मोठा कालखंड मीं वर एका परिच्छेदांत ओलांडला, त्याचे अस्सल कागद महाराष्ट्रांतील घराण्यांच्या दप्तरांत असण्याचा संभव आहे. रंगाऱ्यानें, चांभारानें, कागद करणारानें किंवा तेल्यानें पाणवठा नासविल्याची तक्रार, त्यावर झालेला महजर अथवा निवाडा, आणि विशेषतः घाण कोणीं काढावी याविषयींचा ठराव, असें कांहीं कोणा संग्राहकाच्या रुमालांत असल्यास त्याची नक्कल, निदान कागदाची मिति व पक्षकारांचा व्यवसाय, मंडळाकडे कळवावा.